जुने पाइप घासून चकचकीत करू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या साफसफाईनिमित्त आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात घरातल्या जुन्या वस्तू, आणि त्यांत आजोबांचे तंबाखूचे पाइपही, पॉलिशवाल्याकडून ‘नव्यासारखे’ करून घ्यावेत, असा सल्ला दिला आहे. बाकीच्या वस्तूंविषयी मी बोलत नाही. पण गेली वीस वर्षे जुने इंग्रजी पाइप जमवत असल्यामुळे, पाइपच्या बाबतीत हा सल्ला नुकसानीचा आहे हे सांगणे मला भाग आहे. (मी स्वतः तंबाखूला शिवत नाही. परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर बसलेली माणसे पाहिल्यावर कोणाला तो मोह होऊ नये.)

इंग्रजी पाइपची ओळख दांडीवरच्या दोन-तीन ओळींच्या बारीक ठशात असते. लाकूड बहुतेकांचे एकच, भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाची गाठ, जिला ब्रायर म्हणतात. त्यामुळे नुसत्या लाकडावरून घडवणारा कोण हे सांगणे अवघड. डनहिल या पाइप-कंपनीच्या, तोंडात धरायच्या काळ्या नळीवरचा पांढरा ठिपका पुष्कळांना माहीत असतो, पण नळी बदलता येते. डनहिलची खरी खूण म्हणजे ‘मेड इन इंग्लंड’ या शब्दांशेजारचा तो इवलासा आकडा, ज्यावरून पाइप कोणत्या वर्षी घडला ते काढता येते. स्थापनेचे १८१२ साल मिरवणाऱ्या बार्लिंग या पाइप घडवणाऱ्या घराण्याच्या पाइपची किंमत तर ठशावरच ठरते, कारण १९६० साली धंदा घराण्याच्या हातून गेला, त्यानंतर थोड्याच काळात ठशातल्या अक्षरांचे वळण बदलले, आणि जाणकार त्याआधीच्या पाइपला कितीतरी जास्त पैसे मोजतात. दांडीवर चांदीचे कडे असेल तर त्यावरच्या बारीक शिक्क्यांत चालता सिंह म्हणजे चांदी अस्सल, बिबळ्याचे तोंड म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, आणि शेजारच्या एका अक्षरात वर्ष.

हे सारे मी शिकलो ते चूक करून. चोरबाजारात मटन स्ट्रीटवर असाच कडेवाला एक बार्लिंग मला मिळाला होता. कडे काळे पडलेले, नळी हिरवट-तपकिरी झालेली. ओळखीच्या एका पॉलिशवाल्याकडे तो दिला. दुसऱ्या दिवशी तो आरशासारखा लखलखत परत आला. घरी येऊन भिंगाखाली धरला, तर सिंहाच्या जागी एक गुळगुळीत फुगवटा, वर्षाचे अक्षर साफ गेलेले, आणि लाकडावर ‘बार्लिंग’मधली शेवटची तीन अक्षरे तेवढी उरलेली. त्या माणसाला दोष देता येत नाही. मी ‘चमकव’ म्हणालो, त्याने चमकवला.

नळी हिरवट होते ती मळाने नव्हे. ती गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते आणि उजेडाने व दमट हवेने तिचा पृष्ठभाग बदलतो, मग मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या शोकेसमध्ये ठेवलेल्या पाइपचे काय होणार! त्याला उपाय म्हणजे बंद, कोरडे, अंधारे कपाट. लाकूड कोरड्या मऊ फडक्याने पुसावे, पाण्यात बुडवू नये, वाटीतला काजळीचा थर सुरीने खरवडू नये, कारण त्याने वाटीला तडा जाऊ शकतो. चांदी उजळायचीच असेल तर शिक्के सोडून बाकीच्या भागावर बोटाने हलक्या हाताने. आणि काहीही करण्याआधी ठशाचा जवळून एक फोटो काढावा.

पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती. मटन स्ट्रीटवरच्या माझ्या नेहमीच्या दुकानदाराला मी ‘घासू नका’ असे इतक्या वेळा सांगितले, की आता तो मळकट पाइप माझ्यासाठी वेगळे काढून ठेवतो आणि न घासल्याचे शंभर रुपये जास्त लावतो. मी ते मुकाट्याने देतो.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई