चि. सोनूस पत्र

नौपाडा, ठाणे

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत हसत सांगितलंस, पण ते हसणं काही खरं वाटलं नाही. मीटिंगमध्ये तू 'लेट्स टेबल धिस' म्हणालीस आणि त्या लोकांनी तुझा विषयच पुढे ढकलला. अगं, ब्रिटिश इंग्रजीत टेबल करणं म्हणजे चर्चेला घेणं. आपल्या विधानसभेतही अहवाल पटलावर ठेवला म्हणजे सभागृहापुढे मांडला. वागळे इस्टेटला आमच्या कंपनीतही तसंच म्हणायचे. अमेरिकेत मात्र अर्थ उलटा, विषय लांबणीवर टाकणं. कोणीही फसेल. पण तेव्हापासून तू मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाहीस, हे रात्री आईकडून कळलं.

ऐकलेला वाक्प्रचार लगेच वापरायची घाई करू नकोस. कोण, कुणाशी, कुठल्या प्रसंगी बोलतंय ते आधी बघ. 'किक द बकेट' म्हणजे मरणं, हे खरं. पण सहकाऱ्याचे वडील गेले असताना तसं म्हटलंस तर तो जन्मात बोलणार नाही. 'ब्रेक अ लेग' रंगमंचावर जाणाऱ्याला म्हणतात, ऑपरेशनला निघालेल्याला नव्हे. आणि कॉलेजातून 'पास आउट' झाले असं तिकडे सांगू नकोस, त्यांना वाटेल चक्कर येऊन पडलीस. झालं, सुरू झालं माझं! आई म्हणते, रिटायर झाले तरी सर्क्युलरं काढतात. रागावू नकोस.

गडकरी रंगायतनला वक्तृत्व स्पर्धेत भाषण विसरलीस, तेव्हा कुठे खाली उतरलीस? मनाचं जोडून बोलत राहिलीस, घंटा वाजली तरी. नंबर आला नाही. तलावपाळीला पाणीपुरी खाताना मलाच म्हणालीस, "परीक्षकांना मूळ भाषण कुठे माहीत होतं?" दादा अजून चिडवतो, मी मात्र येईल त्याला ऐकवतो.

ती मुलगी गप्प बसते म्हटल्यावर पोटात गोळा येतो गं. साधं 'लेट्स डिस्कस धिस नाऊ' म्हण, त्यात कसला कमीपणा? एखादा वाक्प्रचार कळला नाही तर सरळ विचार. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. पण गप्प राहू नकोस. परत तेच लिहिलं बघ.

आईची शुगर आटोक्यात आहे. मेतकूट पार्सलात खाली आहे, डबा उलटा करू नकोस. मंगळवारच्या मीटिंगनंतर फोन कर, इथे कितीही वाजले असले तरी. बोललीस का, एवढंच सांग.

— बाबा