मोबाइल वर धरला म्हणजे अडथळा नव्हे

महोदय,

पोवई नाक्यावर पोलिसांनी गाडी अडवली आणि शेजारच्या कुणी मोबाइल वर धरला, की 'शूटिंग बंद कर, सरकारी कामात अडथळा आणतोस काय?' हे ठरलेलेच. पण भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १३२ ला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, २२१ ला प्रत्यक्ष अडथळा. फूटपाथवर गप्प उभे राहून चित्रण करणे दोन्हींत बसत नाही. पोलीस ठाण्यात चित्रण केले तर शासकीय गुपिते अधिनियमाचा धाक घालतात. त्या १९२३ च्या कायद्यातल्या प्रतिबंधित ठिकाणांत पोलीस ठाणे येत नाही, हे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्येच सांगितले आहे.

चित्रण करणारेही कमी नाहीत. हवालदाराच्या नाकासमोर फोन नाचवायचा, वर शेरेबाजी. त्यात धक्का लागला की १३२ आपणच ओढवून घेतो. कायद्यात अंतर लिहिलेले नाही, पण दहा-पंधरा फूट राखावेत. 'मागे हो' म्हटले की दोन पावले मागे सरावे, कॅमेरा चालूच ठेवावा. फोन आडवा धरून आधी छातीवरची नावाची पट्टी, मग गाडीचा नंबर, मग एखाद्या दुकानाची पाटी घ्यावी, म्हणजे जागेवरून वाद राहत नाही. अटक करणाऱ्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे, असे नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६ सांगतेच. लैंगिक अत्याचारातली पीडित स्त्री किंवा अल्पवयीन मुलाचा चेहरा मात्र कुठेही टाकू नये. तो वेगळा गुन्हा होतो.

खरी माती होते ती नंतर. क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, दर्जा घसरतो, मूळ फाइलमधली तारीख-वेळेची नोंद निघून जाते. न्यायालयात साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचा हॅश क्रमांक, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला ओळख क्रमांक, असतो. दोन सेकंद कापले तरी तो बदलतो. म्हणून मूळ फाइलला हात लावू नये, केबलने प्रत काढावी.

'डिलीट कर' म्हणायचा अधिकार पोलिसांना कुठल्याच कलमाने दिलेला नाही. फोन घेतलाच तर जप्ती पंचनामा मागावा, त्यात आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून घ्यावा. दमदाटीने क्लिप पुसायला लावली, तरी बहुतेक फोनच्या कचरापेटीत ती काही दिवस राहते. तिकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही!

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचे चित्रण १८ महिने, ते न जमल्यास किमान वर्षभर ठेवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. ते मागताना अर्जात तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा, म्हणजे ठाणे अंमलदाराचे टेबल की कोठडीसमोरचा बोळ, हे लिहावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

– एक वाचक, सातारा