मला शिवणकाम येत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत ‘खचल्या नाहीत, उभ्या राहिल्या’ या लेखाशेजारी शिलाई मशीनमागे उभी असलेली बाई म्हणजे मी. फोटोखाली आपण छापलंय, ‘शिवणकामातून संसार सावरला’. महोदय, मला साधं काज करता येत नाही. मशीन जिला मिळायचं होतं तिचं लेकरू रडायला लागलं म्हणून ती मंडपाबाहेर गेली होती. पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाची घाई. कोणीतरी म्हणालं, ताई, तुम्ही या इकडं. मी गेले, दोन मिनिटं उभी राहिले, फोटो झाला. इतक्या वर्षांनी त्या दोन मिनिटांत माझा संसार सावरलेला पाहून आनंद वाटला. काल संध्याकाळी जाऊ ब्लाऊजपीस घेऊन दारात हजर. थट्टेनंच, पण आली. आणि मशीन जिचं आहे ती कालपासून माझ्याशी बोलत नाही.

एवढंच असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण लेखात लिहिलंय की कोरोनाच्या काळात ‘समुपदेशनाच्या सत्रांनी महिलांमध्ये जिद्द निर्माण केली’. जिद्द काय रेशनच्या धान्यासारखी माणशी ५ किलो वाटली होती? धान्य वाटलं होतं, ते आम्ही खाल्लं, त्याबद्दल तक्रार नाही. लेखात पाहुण्यांचं नाव तीनदा आलंय. जी बाई आम्हाला फोन करायची तिचं एकदाही नाही. मीही इथं लिहीत नाही, तिला न विचारता लिहिणं बरं दिसत नाही. पण आपल्या वार्ताहराला विचारता आलं असतं.

हे गेले एप्रिल २०२१ मध्ये. तेरवीला आम्ही घरचे पाच जण. मे महिन्यात समुपदेशनवाल्या संस्थेच्या त्या बाईचे फोन सुरू झाले, दर मंगळवारी रात्री आठला. घरात रेंज नाही, कोठ्याजवळ जावं लागतं. पहिले तीन फोन मी कापले. चौथा उचलला तो बोल लावायलाच. ती कागदावरचं वाचत होती, ‘गेल्या दोन आठवड्यांत झोप न लागण्याचा त्रास किती: अजिबात नाही, काही दिवस, बहुतेक दिवस?’ मी म्हटलं, बाई, तो फॉर्म तू तुझ्या मनानं भर. १ जूनपासून सरकी विकायला निघणार आहे, कोणती आणायची ते मला माहीत नाही, दरवर्षी हे आणायचे.

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘बॅग कितीला आहे यंदा?’

म्हटलं, ७६७. गेल्या वर्षी ७३० होती. मग तिनं विचारलं, वावर भारी आहे का खरडीचं? तिच्या बापाच्या घरीही पऱ्हाटीच, म्हणजे कपाशीच. अर्धा तास आम्ही बियाण्यावर बोललो. फॉर्म त्या रात्री कोराच राहिला असावा. पुढं दर मंगळवारी तेच: पाऊस झाला का, बी न उगवून खाडे किती पडले, डवरणीला बैलजोडी कोणाची सांगितली. सातबाऱ्यावर वारस नोंद करून घ्या, नाहीतर पीककर्ज अडेल, हेही तिनंच सांगितलं. यांचा विषय ती स्वतःहून काढत नसे. मी काढला तर ऐकत असे.

एकदाच तिनं काढायला लावला. सुप्रीम कोर्टानं ऑक्टोबर २०२१ मध्ये कोरोनाने गेलेल्यांच्या घरच्यांना ५० हजार द्यायला सांगितलं होतं. आमच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद’ लिहिलेलं. कचेरीतल्या साहेबांनी कागद न उलटता परत केला, म्हणाले यात कोरोना कुठं आहे, दाखवा. मी घरी येऊन गप्प बसले. मंगळवारी ती म्हणाली, दाखल्यावर कोरोना नाही म्हणून नाकारता येत नाही. तपासणी पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांच्या आत गेले असतील तर चालतं. रिपोर्ट काढा. रिपोर्ट दवाखान्याच्या पन्नीत होता आणि ती पन्नी मी एप्रिलपासून देवघराच्या मागं कोंबून ठेवली होती. उघडली नव्हती. आत यांचा चष्मा होता, अर्धं गोळ्यांचं पान होतं, दहाची एक नोट होती. मी कोठ्याजवळ टॉर्च लावून उभी. ती म्हणाली, वरून वाचा. मी नाव वाचलं. वय वाचलं. तारीख वाचली. पुढचा शब्द काही वाचवेना. तिनं ना ‘धीर धरा’ म्हटलं, ना ‘रडू नका’. बराच वेळ नुसती लाइनवर राहिली. मग म्हणाली, ‘एसआरएफ नंबर असेल बघा, तपासणीच्या नमुन्याचा, तो लिहून घ्या. पोरगा ऑनलाइन अर्ज भरेल तेव्हा लागला तर असावा.’ पेन नव्हता. काडीनं मातीत लिहिला आणि सकाळी पोरानं वहीत उतरवला.

पैसे होळीच्या आसपास जमा झाले. याला आपण समुपदेशनाचं सत्र म्हणत असाल तर म्हणा बापडे.

त्याच मार्चअखेर संस्थेचा निधी संपला आणि फोन बंद झाले. तिचं तीन महिन्यांचं मानधन तेव्हाच अडकलं होतं, हे मला दुसऱ्या गावच्या बाईकडून कळलं. ती स्वतः एका शब्दानं बोलली नव्हती. फोटो छापायचाच होता तर तिचा छापायचा. मी तिला अजून पाहिलेलं नाही, निदान पेपरात तरी पाहिली असती.

तरी कृपया दुरुस्ती छापावी: फोटोतल्या बाईला शिवणकाम येत नाही, ती पऱ्हाटी लावते. आणि मशीन जिचं आहे तिचा फोटो वेगळा छापावा, म्हणजे ती माझ्याशी बोलेल. फक्त रविवारी छापू नका. रविवारी आमच्याकडे एसटी येत नाही, त्या दिवसाचा पेपर सोमवारी दुपारी मिळतो, कापसाच्या भावासकट शिळा. याबद्दल मागं दोन पत्रं टाकली आहेत, ती मिळाली असतीलच.

आपली,
एक वाचक
(नाव छापू नये. फोटो छापलाच आहे.)
ता. घाटंजी, जि. यवतमाळ