कॅन्सरचा शेक सुरू करण्याआधी दात कोण बघणार?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. हल्ली पेपरात दर थोड्या दिवसांनी कॅन्सरवर काहीतरी नवीन संशोधन छापून येतं आणि ते वाचून आमच्या वाडीतली माणसं मला विचारायला येतात, कारण मी दापोली-मंडणगड भागात आरोग्य सेविका होते, आता रिटायर झाले तरी लोकांना सवय आहे. मध्यंतरी दातातल्या जंतूमुळे आतड्याचा कॅन्सर होतो असं व्हॉट्सॲपवर फिरत होतं, खाली कसल्यातरी चूर्णाचा फोटो. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं आणि जे मागायचंय ते पण मागून घ्यावं. मागणं एकच आहे. तोंडाच्या कॅन्सरमध्ये दातांच्या डॉक्टरला पहिल्यापासून सोबत घ्या, तपासणीला पण आणि उपचाराला पण, आणि ही सोय इथे कोकणात करा, त्यासाठी माणसाला मुंबई गाठायला लावू नका.

आधी त्या जंतूचं सांगते. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम असं त्याचं लांबलचक नाव, हिरड्या सुजतात, रक्त येतं, तिथे हा असतो. २०१२ साली दोन वेगवेगळ्या टीमना तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीत सापडला. मग २०२४ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या फ्रेड हच सेंटरने नेचर ह्या विज्ञानाच्या साप्ताहिकात छापलं की ह्या जंतूची एक ठराविक पोटजात आहे, तिला पोटातलं ॲसिड सोसतं, आणि तपासलेल्या २०० गाठींपैकी साधारण निम्म्यांमध्ये ती मिळाली. इथपर्यंत खरं आहे. पण त्याच वर्षी लंडनच्या किंग्ज कॉलेजवाल्यांना डोकं-मान-घशाच्या कॅन्सरमध्ये उलटंच दिसलं, गाठीत हा जंतू असलेल्या पेशंटचे रिझल्ट जास्त चांगले होते आणि लॅबमध्ये तर ह्या जंतूने कॅन्सरच्या पेशी मारल्या. एकच जंतू दोन जागी दोन तऱ्हेने वागतो, म्हणजे अभ्यास अजून चालू आहे. तेव्हा हिरड्या स्वच्छ ठेवा, त्या हिरड्यांसाठी तरी ठेवायलाच हव्यात, पण ब्रश केला म्हणजे कॅन्सर टळला किंवा अमुक चूर्णाने जंतू गेले असं कुणी सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

आपल्याकडे मोठा प्रश्न जंतूचा नाहीच. तो मशेरीचा आहे, तंबाखूचा आहे आणि सुपारीचा आहे.

मशेरीबद्दल शहरातल्या डॉक्टरांना सुद्धा सांगावं लागतं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि सकाळी उठून दातांना लावायची, मग दुपारी परत, मग रात्री झोपताना. बाया हिला व्यसन म्हणतच नाहीत, दात घासणं म्हणतात. मी घरोघरी फिरायचे तेव्हा "तंबाखू खाता का" असं विचारलं की "नाय गो बाय" हेच उत्तर, आणि "मशेरी लावता का" विचारलं की लगेच हो. दाढ दुखली म्हणून कुणीतरी पहिल्यांदा दिलेली असते, थोडी बधिर होते, बरं वाटतं, मग ती सुटत नाही, मशेरीशिवाय पोट साफ होत नाही असं सांगणाऱ्या तर कितीतरी. कंपनीच्या टूथपेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, पण चुलीवरच्या तव्याला कोण बंदी घालणार? आणि हे काही आज कळलेलं नाही, पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या १ लाख १ हजार ७६१ माणसांची तोंडं तपासून केलेला मोठा अभ्यास १९७२ साली छापून आलाय. पन्नास वर्षं उलटून गेली आणि आमच्या पडवीत मशेरीची डबी तशीच आहे.

सुपारीवर लिहिताना मला जपून लिहावं लागतंय कारण श्रीवर्धन, मुरुड, दापोली, गुहागरकडे सुपारीच्या बागांवर घरं चालतात, श्रीवर्धनला तर कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्रच आहे, आणि सुपारी मांडल्याशिवाय आपलं एक शुभकार्य होत नाही. त्याला माझी काहीच हरकत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली नुसती सुपारी, तंबाखू नसलेली सुपारी, माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली आहे, आणि हे बागायतदाराच्या मुलाला पण माहीत पाहिजे कारण गोड सुपारीच्या पुड्या शाळेतली पोरं खातात आणि "यात तंबाखू कुठाय" म्हणतात. सुपारीतल्या ॲरेकोलिनमुळे गालाच्या आतल्या त्वचेखाली कडक धागे साठत जातात, गाल आतून पांढुरके आणि ताठ होतात, तिखट सोसत नाही, तोंड हळूहळू उघडेनासं होतं. सबम्युकस फायब्रोसिस हे त्याचं नाव. स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात जात नसतील तर दाखवायला जा, इतकी सोपी परीक्षा आहे. केरळमध्ये अशा पेशंटवर १७ वर्षं लक्ष ठेवलं तेव्हा त्यातल्या ७.६ टक्के लोकांना पुढे कॅन्सर झाला. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, ती कशी आहे ते कुठल्याही एसटी स्टँडच्या भिंती बघा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच कॅन्सर संस्थेने २०२४ मध्ये हिशोब मांडला. २०२२ साली जगात तोंडाच्या कॅन्सरचे अंदाजे ३ लाख ८९ हजार ८०० नवे पेशंट झाले, त्यातले १ लाख २० हजार २०० चघळायच्या तंबाखूमुळे आणि सुपारीमुळे, आणि त्यातले ८३ हजार ४०० एकट्या आपल्या देशात. म्हणजे तंबाखू-सुपारी नसती तर टळले असते असे पेशंट.

आता एक गोष्ट लोकांना समजत नाही ती म्हणजे ऑपरेशन होऊन गाठ गेली तरी डॉक्टर वर्षानुवर्षं तपासायला का बोलावतात. तंबाखू काय एकाच जागी लागत नाही, सगळ्या तोंडाला लागते, पेशींना आवरणारं पी-५३ नावाचं जनुक एका जागी बिघडतं तसं आजूबाजूला पण बिघडलेलं असू शकतं आणि वरून तिथलं सगळं चांगलंच दिसतं. आजूबाजूची जागा पण बिघडलेली असते हे १९५३ सालापासून माहीत आहे, जनुकाचं नंतर कळलं. खाचरातलं तण उपटलं तरी बी मातीत पडलेलं असतंच ना, तसं. म्हणून बरा झालेला माणूस परत मशेरीकडे वळला की मला फार वाईट वाटतं.

पण ह्या कॅन्सरचं एक बरं आहे की तो डोळ्यांना दिसतो, सोनोग्राफी नको, सीटी नको, उजेड आणि बघणारं माणूस पाहिजे. केरळात तिरुवनंतपुरमला १९९६ पासून जवळपास १ लाख ९२ हजार लोकांवर अभ्यास झाला, ट्रेनिंग दिलेले साधे आरोग्य कर्मचारी अर्ध्या पंचायतींमध्ये घरोघर जाऊन तोंड बघत होते. २००५ ला निकाल आला, तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. पुढे अभ्यास सुरू झाल्यापासूनच्या १५ वर्षांचा हिशोब बघितला तेव्हा ज्यांनी चारही वेळा तपासून घेतलं होतं त्यांच्यात ते ८१ टक्क्यांनी कमी निघाले. हे काम माझ्यासारख्या बाईने टॉर्च घेऊन केलेलं आहे, म्हणून मला ह्या अभ्यासाचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो. आपल्या सरकारच्या कार्यक्रमात पण तिशीनंतर तोंडाची तपासणी आहे, आशाताई घरोघरी सीबॅक नावाचा आजारांच्या धोक्याच्या प्रश्नांचा फॉर्म भरतात, त्यात तंबाखूचा प्रश्न आहे. फॉर्म भरले जातात हो, पण तोंड उघडून गालाच्या आत, जिभेखाली, जिभेच्या कडेला, दाढेच्या मागे बघितलं जातं का? मी बऱ्याच ठिकाणी विचारलं, बघणारे थोडे आहेत.

आणि इथे दातांचा डॉक्टर लागतो. आमच्या शेजारच्या गावातली एक बाई, मासे सुकवायला जाणारी, तिची खालची दाढ हलायला लागली. तालुक्याच्या एका दवाखान्यात दाढ काढली, जखम भरेना, मग गोळ्या, मग गुळण्या, मग परत गोळ्या, पावसाळा गेला, गणपती गेले. जखमेचा तुकडा तपासायला पाठवा, म्हणजे बायोप्सी करा, असं कुणी म्हटलं नाही, आणि जेव्हा म्हटलं तेव्हा नात्यातल्यांनी "तुकडा काढला की पसरतो" म्हणून अडवलं. तुकडा काढल्याने पसरत नाही, तुकडा न काढता घालवलेल्या महिन्यांत पसरतो. शेवटी कॅन्सरने जबड्याचं हाड धरलं होतं. बाकी दात-हिरड्या धड असताना एकच दाढ हलत असेल, दाढ काढलेली जागा भरत नसेल, पांढरा किंवा विशेषतः लाल चट्टा असेल, कुठलीही जखम १५ दिवसांत बरी होत नसेल, तर ते नुसतं दातांचं दुखणं समजायचं नाही. टोकदार दात लागून जखम झाली असेल तर टोक घासून द्यायचं आणि दोन आठवड्यांनी परत बघायचं, तरी जखम राहिली तर तुकडा पाठवायचा.

उपचार ठरल्यावर तर दात आणखी महत्त्वाचे. शेक म्हणजे रेडिएशन जबड्यावरून गेलं की हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, मग नंतर कधी दात काढला तर ती जागा भरत नाही, हाड उघडं पडतं, सडतं. म्हणून खराब दात शेक सुरू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी काढून जखम भरू द्यायची असते. लाळेच्या ग्रंथी भाजल्या जातात, तोंड कोरडं पडतं, लाळ नाही म्हणून चांगले दात पण भराभर किडतात, त्यासाठी फ्लोराइड जेल लावायचं असतं, रोज आणि कायमचं. तोंड आखडू नये म्हणून आईसक्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून उघडायचा व्यायाम असतो. आयएमआरटी नावाच्या शेकाच्या नव्या पद्धतीत गाठीवर नेमका मारा करून आजूबाजूचा भाग वाचवतात, तिने हा त्रास कमी होतो, इंग्लंडच्या २०११ च्या अभ्यासात वर्षभराने बऱ्यापैकी कोरडं तोंड राहिलेले पेशंट जुन्या पद्धतीत ७४ टक्के आणि नव्या पद्धतीत ३८ टक्के होते. स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांना हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन देतात, त्यांचे पण दात आधी बघायला पाहिजेत कारण त्या औषधाने सुद्धा जबड्याचं हाड उघडं पडू शकतं. हे सगळं डॉक्टरांना माहीत आहे. पेशंटला कधी सांगितलं जातं? फाईलवर "डेंटल क्लिअरन्स", म्हणजे दात तपासून ठीक करून आणा, असं लिहून हातात देतात आणि शेकाची तारीख पुढच्या आठवड्यातली असते. मग माणूस तुतारी एक्सप्रेसने दादरहून घरी येऊन दातांचा डॉक्टर शोधतो, आणि कॅन्सरचा पेशंट म्हटलं की इथले काही डॉक्टर हात लावायला घाबरतात.

उपचारांचं संशोधन कमी नाही, आपल्या परळच्या टाटा हॉस्पिटलनेच जगाला दाखवलेल्या गोष्टी आहेत. मानेत हाताला गाठ लागत नसली तरी पहिल्याच ऑपरेशनला मानेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड्स) पण काढल्या तर ३ वर्षांनी ८० टक्के पेशंट हयात होते, वाट बघून काढल्या तर ६७.५ टक्के, हे २०१५ साली डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमने सिद्ध केलं. २०२३ ला त्यांच्याच हॉस्पिटलच्या दुसऱ्या टीमचा अभ्यास आला, निवोल्युमॅब हे फार महाग इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारं, औषध नेहमीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी, फक्त २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, साध्या गोळ्यांच्या जोडीला दिलं तर बरा न होणाऱ्या आजारात पण वर्षभर जगलेले पेशंट १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. गरीब माणसाला परवडेल असा विचार करून केलेलं हे संशोधन आहे, त्या डॉक्टरांना मनापासून नमस्कार. पण ते वाचताना मला सारखं वाटतं, आमची माणसं तिथे आजार एवढा वाढायच्या आधी का पोचत नाहीत.

म्हणून तुमच्या पेपरमधून जिल्हा परिषदेला, सिव्हिल सर्जन साहेबांना आणि आमदारांना सांगायचंय. ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरचं पद रिकामं ठेवू नका आणि खुर्ची बिघडली तर दुरुस्त करा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, खेडला डेंटल कॉलेज आहे, डेरवणला वालावलकर हॉस्पिटलात कॅन्सरचे उपचार होतात, ह्या सगळ्यांनी मिळून शेकाआधीची दातांची तपासणी आठवड्यातला एक वार ठरवून करता येणार नाही का? तुकडा तालुक्यातच काढून रिपोर्ट मागवता येतो. मासेमारी बंद असते १ जून ते ३१ जुलै, तेव्हा खलाशी किनाऱ्यावर असतात, हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण ह्या बंदरांवर त्या दोन महिन्यांत तोंडं तपासा, एरवी ती माणसं सापडत नाहीत. बायकांसाठी वेगळं, बाई कर्मचारीच पाहिजे, पुरुषासमोर मशेरीचे दात दाखवायला त्या तयार होत नाहीत. आणि फॉर्ममध्ये मशेरी हा शब्द स्वतंत्र छापा.

पेशंटच्या घरच्यांसाठी पण एक, कारण हे खूप जणांना माहीत नसतं. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीचं तिकीट फुकट आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सूट आहे, त्यासाठी हॉस्पिटलकडून ठरलेल्या नमुन्यात सर्टिफिकेट घ्यायचं. ऑपरेशन, किमो, शेक महात्मा फुले योजनेत बसतात, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. दात काढणं, फ्लोराइड जेल ह्याचा खर्च मात्र बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून होतो असंच मी बघितलंय, तो पण त्याच पॅकेजमध्ये धरावा अशी माझी मागणी आहे. तुम्ही तालुक्याच्या पानावर कुठल्या सरकारी दवाखान्यात दातांचा डॉक्टर कुठल्या वारी असतो एवढं जरी दर महिन्याला छापलंत तरी माझ्याकडे विचारायला येणाऱ्यांना मी ते कात्रण देईन.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. दापोली, जि. रत्नागिरी