मे महिन्यात येत नाहीये, आधी सगळं वाचा

ती. आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आई, तू लगेच स्पीकरवर टाकून दादाला हाक मारली असतीस, म्हणून लिहितेय. मेमध्ये मी पुण्याला येत नाहीये. रजा जूनमध्ये टाकलीय, हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीटसुद्धा काढलंय, म्हणजे रद्दबिद्द काही नाही.

कारण आपल्या सोलापूरचं, विजापूर रोडचं वनविहार. मागच्या पावसात लावलेल्या कडुलिंब-करंजांनी पहिला उन्हाळा काढला की पुढे ती तगायची शक्यता वाढते, आणि आपला उन्हाळा तुम्हाला काय सांगायचा, पारा 43च्या वर. त्यात सुट्ट्या लागल्या की कॉलेजची पोरं गावाला पळतात, पाणी घालायला उरतो आम्ही नोकरीवाले आणि रिटायर्ड काकालोक, मग मीच कशी निघू? आई म्हणणार, घरच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी आणि ही झाडांना घालत बसलीय. अगं, ते तिथल्या बोअरचं असतं, घरचे पिंप भरलेले आहेत. प्रत्येक रोपाशेजारी मडकं पुरलंय, बुडाला भोक, भोकात सुती चिंधीची वात, मडकं भरून झाकलं की पाणी सावकाश मुळाशी झिरपतं, वरच्या वर उडून जात नाही. चिंध्या माळ्यावरच्या तुझ्या बोचक्यातल्या आहेत. रागावू नकोस, अबोली साडीला हात लावलेला नाही.

उन्हाचं म्हणाल तर सहाला जाते, आठला घरी. डोक्याला ओला पंचा, बाटलीत ताक. जेवतेय नीट, रोज कडक भाकरी-शेंगाचटणीवर भागवत नाही. (रोज नाही.)

बाबा, मधे मोकळ्या गवताळ तुकड्यातही खड्डे घ्यायचं ठरत होतं. तिथं टिटव्या आहेत, जमिनीवरच अंडी घालतात. मला एकदम नान्नजचं अभयारण्य आठवलं, लुनावर पुढे उभी राहून गेले होते, माळढोक पक्षी दिसला नाही म्हणून रडरड रडले आणि तुम्ही रुमालानं नाक पुसत सांगत होतात, की तो एकच अंडं घालतो, तेही उघड्या माळावर, सगळीकडे झाडं लावली तर त्यानं जायचं कुठं. तेच तिथं सांगितलं. खड्डे कुंपणाकडेला सरकले, गवत राहिलं. तुमचं नाव नाही सांगितलं हं, भाव मी खाल्ला.

आता ऐका. हृदयाच्या ईकोची तारीख मी नाही म्हणून पुढे ढकलायची नाही, दादानं सुट्टी घेतलीय. जिना नाही, लिफ्ट. आई, डोळ्यांतले थेंब वहिनीला घालायला सांग, ती चिडत नाही, तुलाच उगाच तसं वाटतं. आमरस करा पण बाबांना अर्धी वाटी, आणि बाबा, आई आत गेली की परत वाढून घ्यायचं नाही, मला सगळं कळतं. शेजारच्या काकूंच्या मुलाबरोबर चटणी पाठवतेय, त्यात बिनमिठाची पुडी वेगळी आहे, नाव घातलंय वर. त्याच पुडीतली खायची.

तुमची,
छकुली