पोर समोर उभी आहे, तिची नोंद करा

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शहादा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ३१ वर्षे नोकरी केली. शेवटची ७ वर्षे मुख्याध्यापक होतो. आता निवृत्त आहे, त्यामुळे नोकरीत असताना जे बोलायला हवं होतं आणि बोललो नाही, ते आज लिहितो आहे.

आमच्याकडे दिवाळी झाली की पाडे रिकामे होऊ लागतात. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा इथली माणसं बिऱ्हाडं ट्रकमध्ये टाकून गुजरातेत ऊसतोडीला जातात. होळीला परत येतात. होळीला आमचा माणूस कुठेही असला तरी गाव गाठतो. मधल्या चार-पाच महिन्यांत पोरं आईबापाबरोबर उसाच्या फडावर असतात. धाकट्या भावंडाला सांभाळायचं, वाढे म्हणजे उसाचे हिरवे शेंडे गोळा करायचे, पाणी भरायचं.

एका वर्षी जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात एक बाई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन ऑफिसच्या दाराशी आली. मूळ गाव धडगावकडचं, आता भावाकडे राहायला आलेली. हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यातून एकेक कागद काढून तिने टेबलावर ठेवला: रेशनकार्डाची झेरॉक्स, लसीकरणाचं कार्ड, नवऱ्याचं आधार. मुलीचंही आधार होतं, पण त्यावरचं नाव वेगळं आणि जन्मवर्ष चुकलेलं. दुरुस्तीला गेले होते तर मशीनवर अंगठाच उठेना. मी मुलीचा हात पाहिला. उसाच्या पाल्याने बोटांची टोकं चिरलेली होती आणि त्या चिरांत काळं बसलेलं होतं. आधीच्या शाळेचा दाखला नव्हता. दुसरीत असताना सुटली ती सुटलीच.

मी म्हणालो, दाखला आणा, आधार दुरुस्त करून आणा, मग बघू. ती तिच्या मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाली, "सर, कागद नही शे, पन पोर ते शे ना."

मी तिला परत पाठवलं. त्यानंतर ती शाळेकडे आली नाही. दिवाळीनंतर स्टँडजवळ मुकादमाच्या ट्रकमध्ये ती मुलगी भांड्यांच्या पोत्यावर बसलेली दिसली.

साहेब, मला कायदा ठाऊक नव्हता असं नाही. प्रशिक्षणांत मीच इतरांना तो समजावून सांगत असे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५: दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि दाखला द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावरच शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम १४: वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला नाकारता येत नाही. कलम १५: मुदत उलटून गेली तरी प्रवेश द्यायचाच. कलम ४: वयाला साजेशा वर्गात बसवायचं. कलम ९ तर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळतो की नाही हे पाहण्याची जबाबदारी नाव घेऊन स्थानिक प्राधिकरणावर टाकतं. माझ्या टेबलासमोर उभ्या असलेल्या मुलीसाठीच जणू कुणी ही कलमं लिहून ठेवली होती.

मग मी असं का केलं? कारण माझ्या समोर संगणकावर दुसरा एक कायदा चालत होता, जो कोणत्याही विधिमंडळाने केलेला नाही. गेली काही वर्षे संचमान्यतेला, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवताना, आधार वैध ठरलेला पट धरला जातो. माझ्या शाळेच्या जनरल रजिस्टरवर ६३ मुलं होती, शासनाच्या पोर्टलवर आधार वैध असलेली ५९. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ व्या मुलापासून तिसरा. वर्गात बसणाऱ्या मुलांना तीन शिक्षकांचा हक्क होता, पोर्टल दोनच देत होतं. दर आठवड्याला केंद्रप्रमुखांकडून वैधतेची टक्केवारी मागितली जायची, कमी असली की खुलासा. त्या मुलीला घेतलं असतं तर शिक्षक वाढणार नव्हता, टक्केवारी मात्र घसरणार होती. हा हिशेब मी मनात केला आणि दार लावलं. त्याचा दोष माझा आहे. पण हा हिशेब करायला लावणारी रचना शासनाची आहे, आणि ती माझ्याबरोबर निवृत्त झालेली नाही.

संविधानाचा अनुच्छेद २१-क सांगतो की सहा ते चौदा वर्षांच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचं शिक्षण राज्याने द्यायचं आहे, आणि ते कोणत्या रीतीने हे राज्याने कायद्याने ठरवायचं आहे. यातला 'कायद्याने' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. रीत कायद्याने ठरते, पोर्टलवरच्या लाल-हिरव्या रकान्याने ती ठरत नाही. 'सक्ती' या शब्दाचाही आमच्याकडे उलटा अर्थ लावतात. सक्ती आईबापावर आहे असं समजून पाड्यावर जाऊन लोकांना दमात घेणारे मी पाहिले आहेत. कायद्याच्या कलम ८ मध्ये स्पष्ट आहे की सक्ती म्हणजे शासनावरचं बंधन: प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणं, या तिन्हीची खात्री शासनाने करायची.

आधारचं म्हणाल, तर २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं आहे की शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे, सरकारी योजनेचा लाभ म्हणून त्याकडे पाहता येत नाही, असं ते कारण. तुमचं खातं म्हणेल, आम्ही प्रवेशाला कुठे आधार मागतो? बरोबर आहे, प्रवेशाला मागत नाही. शिक्षकाचं पद मात्र आधारला बांधून ठेवता. मग मुख्याध्यापक काय करणार, हे मी वर लिहिलंच आहे.

२०२४ चा अनुभव ताजा आहे. ९ फेब्रुवारीला शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांसाठीच्या २५ टक्के प्रवेशांतून सूट दिली. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. कायद्याने दिलेला हक्क नियमाने कापता येत नाही, एवढं तरी त्यातून शासनाने घ्यायला हवं होतं. नियमाची ही गत, तर संगणकातल्या रकान्याला कुठला आधार?

ज्या व्यारा-सोनगडकडे आमची माणसं जातात, तो मुलूख बडोदा संस्थानात होता. मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेल्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली त्या सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. तिथे त्या काळी एखाद्या राजाच्या मनात आलं म्हणून झालं. आपल्याकडे ते हक्क म्हणून यायला १ एप्रिल २०१० उजाडावं लागलं, मूळ संविधानाने घालून दिलेली दहा वर्षांची मुदत पाच दशकं उलटून गेल्यावर. आज त्याच रस्त्याने आमची नऊ वर्षांची पोर शाळेऐवजी फडावर जाते.

मी मागतो ते फार नाही. संचमान्यतेला वर्गात प्रत्यक्ष बसणारं मूल धरा, आधार वैध असो वा नसो. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांच्या सहीची हजेरी पुरेशी माना. खोटा पट दाखवतील अशी भीती असेल तर अचानक तपासणी करा, दोषी सापडेल त्याला शिक्षा करा. काही लबाडांच्या धाकाने खऱ्या मुलाला नापास करू नका.

दुसरं, कोणत्याही शाळेने प्रवेश नाकारला तर तो लेखी, कारणासह आणि सहीनिशी नाकारावा व त्याची प्रत पालकाला द्यावी. कलम ३२ खाली तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. पण माझ्यासारखा मुख्याध्यापक तोंडीच 'मग बघू' म्हणतो, त्याची तक्रार ती बाई कशाच्या आधारे करणार? मला त्या दिवशी लिहून द्यावं लागलं असतं, तर माझा हात धजावला नसता, हे मी खात्रीने सांगतो.

आणि स्थलांतर करणाऱ्या मुलांना जातील तिथल्या शाळेत शिकता यावं म्हणून जे शिक्षण हमी पत्रक दिलं जातं, ते सीमेपलीकडे चालेल असं गुजरात सरकारशी बोलून करा. नवापूर ओलांडलं की त्या कागदाची किंमत संपते.

दिवाळीच्या आत हा निर्णय व्हावा, कारण दिवाळीनंतर मुकादमाचे ट्रक लागतात. त्या मुलीचं वय आता बारा आहे. अनुच्छेद २१-क प्रमाणे तिची दोन वर्षे अजून बाकी आहेत. तिच्या मामाचं घर मला माहीत आहे. तुमचा आदेश निघाला की मी स्वतः जाऊन तिला शाळेत घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक
ता. शहादा, जि. नंदुरबार