क्लच बदलल्यावर पिकअपला लागलेली थरथर आणि अंदाजाने केलेल्या दुरुस्त्यांबाबत तक्रार

प्रति,
सेवा व्यवस्थापक

महोदय,

माझी १४ वर्षे जुनी पिकअप क्लच प्लेट बदलण्यासाठी आपल्या वर्कशॉपमध्ये दिली होती. क्लच उत्तम बसला, त्याबद्दल काही म्हणणे नाही. पण गाडी घेऊन निघालो त्याच दिवशी काटा ६० च्या पुढे गेला की बुडाखाली घरघर सुरू झाली आणि ७०-८० ला गिअरचा दांडा हातात झिणझिणू लागला. आरशात मागची गाडी दिसायची, तिचा नंबर मात्र वाचता येत नव्हता. गाडी म्हातारी आहे खरी, पण आपल्याकडे येण्याआधी ती अशी कापत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी परत आलो. काउंटरवरच्या सल्लागारांनी माझे बोलणे पुरते होण्याआधीच जॉब कार्डवर लिहून टाकले, ‘व्हील बॅलन्सिंग’. ते झाले, थरथर तशीच. पुढच्या खेपेला समोरचे दोन टायर बदलायला लावले. त्यानंतर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकते ते रबरी आधार. चौथ्या खेपेला ऐकायला मिळाले, “साहेब, जुनी गाडी आहे, एवढं चालायचंच.” या चारही खेपांत ट्रायल झाली ती आवारात, फार तर गेटबाहेरच्या वळणापर्यंत. ६० च्या पुढे येणारी थरथर ३० च्या वेगात सापडणार कशी?

मी मेकॅनिक नाही. तरी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी सांगितल्या होत्या. गाडी उभी ठेवून इंजिन २,५०० आरपीएमपर्यंत नेले तर काहीच थरथरत नाही. आणि मोकळ्या रस्त्यावर ८० ला गाडी न्यूट्रल केली, इंजिन आयडलला उतरले, तरी थरथर कायम. ती ओसरली ती गाडीचा वेग उतरला तेव्हाच. म्हणजे इंजिनाचा संबंध तिथेच संपला. मग माउंटिंग कशासाठी बदलले? स्टिअरिंगही शांत होते. पुढच्या चाकांचा बॅलन्स बिघडला की आधी स्टिअरिंग हलते, हे कोणताही जुना ड्रायव्हर सांगेल. शिवाय चाकाची थरथर आणि प्रोपेलर शाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या धुरीकडे फिरकी नेणाऱ्या लांब नळीची, थरथर यांची जातच वेगळी. ८० च्या वेगाला माझ्या गाडीचे चाक सेकंदाला साधारण १० फेरे घेते. डिफरेन्शिअलचे (धुरीवरच्या गिअरचे) प्रमाण ४ ला १ च्या आसपास असल्याने प्रोपेलर शाफ्ट तेवढ्याच वेळात ४० फेरे घेतो. चाक गाडीला गदगदा हलवते, शाफ्ट बारीक गुणगुणतो. मला पायाखाली लागत होती ती गुणगुणच.

शेवटी चाकांना दगड लावून, टॉर्च घेऊन मीच गाडीखाली शिरलो. शाफ्टचे दोन भाग जिथे दात्यांनी एकमेकांत बसतात त्या स्लिप जॉइंटवरचे ग्रीस चिंधीने पुसले तेव्हा दोन बाण कोरलेले दिसले, एक नळीवर आणि एक योकवर, म्हणजे सांध्याच्या दुबेळक्यावर. ते समोरासमोर असायला हवेत. माझ्या गाडीत त्यांच्यात तीन दात्यांचे अंतर होते. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवताना शाफ्ट निघाला, त्याचे दोन भाग सुटे झाले आणि बसवणाऱ्याने खुणा न बघता दाते मिळाले तिथे तो घुसवला. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यातला क्रॉस (चार हातांचा तुकडा) कोनात फिरतो तेव्हा प्रत्येक फेऱ्यात शाफ्टचा वेग दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. हा चढउतार दुसऱ्या टोकाचा क्रॉस भरून काढतो, पण दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असतील तरच.

ओळखीच्या मेकॅनिकने शाफ्ट उतरवून बाण जुळवले. तासाभराचे काम. त्याच संध्याकाळी गाडी ९० पर्यंत नेली, गिअरचा दांडा गप्प होता. ब्रेक दाबल्यावर पॅडल थोडे थरथरते, पण ते डिस्कचे दुखणे जुने आहे. ते आपल्या माथी मारत नाही. मागच्या क्रॉसच्या कपांभोवती तांबूस भुकटी दिसते, तोही आधीच कोरडा पडला असेल, मान्य. पण गिअरबॉक्सच्या मागच्या ऑइल सीलमधून आता तेल गळते आहे. क्लच बसवल्यावर तिथे एक थेंबही नव्हता, हे आपल्याच जॉब कार्डवरच्या तपासणीत नोंदलेले आहे.

टायरचे पैसे मी मागत नाही, ते झिजले होतेच. इंजिन माउंटिंगची किंमत आणि मजुरी, तसेच बॅलन्सिंगची मजुरी परत मिळावी. काढलेली जुनी माउंटिंग दोनदा मागूनही दिलेली नाहीत, ती मला दाखवावीत. ऑइल सील विनामूल्य बदलून द्यावे आणि त्या वेळी शाफ्ट काढण्याआधी खडूने खूण करावी, मी समोर उभा राहीन. शाफ्ट चुकीचा जोडला गेला होता, ही नोंद जॉब कार्डवर लेखी हवी.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास हेच पत्र ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे पाठवीन.

आपला ग्राहक

सोबत: चारही जॉब कार्डांच्या प्रती, बाण जुळवण्याआधीचे आणि नंतरचे फोटो.